तिवडा, लिंब आणि मधल्या पाट्या
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा : ‘कुळाचार आणि मुले’. विषय भारदस्त आहे. एखाद्या शास्त्रीबुवांना किंवा प्राध्यापकबाईंना बोलावले असते तर त्यांनी बोडणापासून सुरुवात करून नवरात्रापर्यंत सर्व काही रीतसर सांगितले असते. माझा त्या बाबतीत अधिकार नाही. आमच्या घरी देव्हारा आहे, सणवार होतात, पण मुलांच्या अंगी घर म्हणून जे काही उतरले ते देव्हाऱ्यापुढे उतरलेले नाही. ते खळ्यात उतरले, आणि खोखो खेळताना उतरले. तेव्हा मी तेच सांगणार आहे. विषय सोडून बोलते असे कोणास वाटले तर त्यांनी घंटी वाजवावी.

माझे माहेर सांगली शहरातले. शाळेत मी खोखोच्या संघात होते. तो काळच तसा होता. खोखोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली बांधून दिले, त्याला पन्नास वर्षे होत आलेली. पुरुषांच्या अखिल भारतीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला सुरू झाल्या आणि त्याच्या पुढच्याच वर्षी मुलींच्या आमच्या शेजारी, कोल्हापुरात. मी तेव्हा सहा-सात वर्षांची. पण आमच्या शाळेतल्या मोठ्या मुलींच्या तोंडी त्यानंतर कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. पुढे मीही खेळले. मॅट्रिक झाल्यावर खेळ सुटला, तो कोणी सोडवला असे नाही. त्या वेळी तो सुटतच असे, जशी दोन वेण्या सुटून एक वेणी येई तसा.

१९७४ साली माझे लग्न झाले. सासर कृष्णाकाठी, शेतकरी कुटुंब, चैत्री पौर्णिमेला गावची जत्रा. माझी पहिली जत्रा. पालखी रात्री व्हायची होती. दुपार कलल्यावर सगळे घर उठून खळ्याकडे निघाले. शाळूची मळणी उरकलेली होती, खळे सारवलेले, पायाला अगदी गुळगुळीत. मधोमध तिवडा, म्हणजे बैलांची पात ज्याला बांधतात तो खांब. आणि पूर्वेला बांधावर एक जुना लिंब. मी आपली डोक्यावरचा पदर सावरीत उभी. तेवढ्यात माझ्या आजेसासूबाई, त्यांना सगळे थोरली आई म्हणत, मला म्हणाल्या, “सूनबाई, लिंबाकडच्या पाटीवर बस. नव्या सुनेची जागा हाय ती.”

मला वाटले काही पूजाविधी असेल. बघते तो काय, माझे सासरे धोतराचा काष्टा खोचून पहिल्या पाटीवर उकिडवे बसले आहेत!

आमच्या घरच्या खेळाची रचना अशी. एक खुंट म्हणजे तिवडा आणि दुसरा खुंट म्हणजे लिंब. पुस्तकातल्या मैदानात आठ पाट्या असतात आणि नववा गडी मारायला धावतो. आमच्या जागेत मावतात त्या चारच, तेव्हा पाचवा धावणारा. मुळात खुंट असतो बारीक, हात घालून गर्रकन वळावे असा. आमचा लिंब दोन माणसांच्या कवेत न मावणारा. त्याला वळसा घालता घालता पळणाऱ्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो आणि मारणाऱ्याचा निम्मा जीव जातो. शाळेत शिकलेली माझी सगळी हुशारी त्या लिंबाने पहिल्या दिवशी उतरवली.

आता त्या पाटीची गंमत. घरचा नियम असा की नव्या सुनेला पहिला खो मिळाला की तिने नवऱ्याचे नाव मोठ्याने घेऊन उठायचे. त्या काळी नवऱ्याचे नाव घ्यायचे म्हणजे उखाण्यात, चार बायकांत, तेही लाजत लाजत. येथे सासरे, चुलतसासरे, दीर, सगळे गोळा झालेले. माझ्या पाठीवर हात पडला, “खो!” मी उठले, नाव घशापर्यंत आले आणि तिथेच अडकले. तोवर माझी नणंद लिंबाला वळसा घालून तिवड्यापाशी जाऊन कमरेवर हात ठेवून उभी होती. थोरली आई ओरडल्या, “नाव घ्यायला लाजलीस, गडी गेला!” सगळे खळे हसले. त्यानंतर मी नाव घेतले ते असे घेतले म्हणतात की पालखीच्या वाजंत्र्यांनी मागे वळून पाहिले.

भगिनींनो, हसण्यावारी नेऊ नका. त्या एका डावात मी त्या घरची झाले. नंतरच्या कितीतरी विधींनी जे झाले नसते ते तेथे झाले, आणि पुढे माझ्या जावांचेही तसेच झाले.

मुलांच्या बाबतीत थोरल्या आईंची पद्धत फार विचारपूर्वक होती, असे मला आज वाटते. त्या स्वतः अक्षरशत्रू. चार वर्षांचे मूल आधी लंगडी घाली. लंगडीने तोल येतो आणि दम येतो. तोल आल्यावाचून पाटीवर बसता येत नाही, कारण पाटीवर बसायचे म्हणजे मांडी घालून नव्हे, एक पाऊल पुढे, हातांची बोटे जमिनीला, उठण्याच्या तयारीत. त्यानंतर मूल लिंबूटिंबू म्हणून खेळात येई. लिंबूटिंबूला मारले तरी तो बाद नाही. तो सगळ्यांच्या मधून कसाही पळतो, साखळी तोडतो, दिशा मोडतो, कोणी रागवायचे नाही. पण त्याने बघायचे. बसलेली माणसे एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून का बसतात, मारणाऱ्याला मधली पाटी ओलांडता का येत नाही, त्याने एकदा दिशा धरली की खुंट गाठल्यावाचून मागे का फिरता येत नाही, पळणारा मात्र कोठूनही कोठे का जाऊ शकतो, हे सगळे त्या वर्ष-दोन वर्षांत डोळ्यांनी उतरते. सांगावे लागत नाही.

सांगावी लागते ती एकच गोष्ट. खो कसा द्यायचा. मूल लहान असते तेव्हा ते खो देत नाही, ढकलून देते, किंवा लांबूनच ओरडते. थोरल्या आई हात धरून दाखवीत. बसलेल्याच्या पाठीमागून जायचे, पाठीवर हात टेकवायचा, आणि हात व शब्द एकाच वेळी. आधी शब्द नाही, आधी हात नाही. बसलेल्याने खो मिळाल्यावाचून उठायचे नाही, मग समोरून गडी हाताला लागण्यासारखा जात असला तरी. सहा वर्षांच्या पोराला हे किती जड जाते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक. आपल्या मराठीची मला येथे गंमत वाटते. आपण ‘कामात खो घातला’ म्हणतो तेव्हा मोडता घातला असा अर्थ होतो. खेळात मात्र खो मिळाल्यावाचून कोणी जागचे हलतही नाही. असो.

आणखी एक रीत. लिंबूटिंबूपणा केव्हा संपतो? मूल म्हणेल तेव्हा. ते आपल्या तोंडाने म्हणते, “आता मला खरे मारा.” मग त्याने तिवड्याला हळदकुंकू लावायचे आणि बापाचे, आजोबांचे, पणजोबांचे अशी तीन पिढ्यांची नावे सांगून मैदानात उतरायचे. श्राद्धाला भटजी तीन पिढ्यांची नावे विचारतात तेव्हा भले भले गृहस्थ चाचरतात. आमच्याकडचे पाच वर्षांचे मूल धडाधड सांगते, कारण त्यावर त्याचे खेळणे अवलंबून असते. आणि ते पहिल्यांदा खरोखरीचे बाद झाले की थोरल्या आई आपल्या हाताने त्याच्या तोंडात गुळाचा खडा घालीत. जिंकल्याबद्दल आमच्याकडे काही मिळत नाही. गूळ मिळतो तो बाद झाल्याबद्दल. मूल रडत रडत गूळ चघळते, आणि पुढच्या डावात पाटीवर बसते.

एका वर्षी तिवडा वाळवीने आतून खाल्लेला निघाला. हात लावताच मोडला. मुलांची तोंडे उतरली. थोरल्या आईंनी घरातून पाट आणवला, तिवड्याच्या जागी मांडला आणि त्यावर बसल्या. “मीच खुंट,” म्हणाल्या. वय तेव्हा ऐंशीच्या घरात. सगळी मुले त्यांच्या खांद्याला हात लावून वळत होती. १९८३ साली त्या गेल्या.

आता जे सांगायचे आहे ते सांगायला मला बरे वाटत नाही. पण ते गाळून बाकीचे सांगितले तर ते खोटे होईल.

माझी मुलगी या खळ्यातच तयार झाली. लिंबाचा वळसा घेऊन घेऊन तिचे वळणे असे झाले होते की शाळेच्या मैदानावरचा साधा खुंट तिला खेळणे वाटे. १९९५ साली ती सोळा वर्षांची होती, जिल्ह्याच्या संघात तिची निवड झाली. सामन्याच्या आदल्या आठवड्यात तिच्यासाठी एका ठिकाणाहून विचारणा आली. मंडळी पाहायला येणार होती, दिवस नेमका सामन्याचा. मी तिला पाठवले नाही. गुडघे फुटलेले, रंग उन्हाने रापलेला, हे कसे दाखवायचे, अशी माझी काळजी! तिच्या वडिलांनी एकदा विचारले, “जाऊ दे की?” मी नको म्हटले. ज्या घरात नव्या सुनेला पाटीवर बसवतात त्या घरची मी सून, आणि मीच नको म्हटले. ती मंडळी आली, पोहे खाऊन गेली, पुढे काही झाले नाही. मुलगी त्यावर एक शब्द बोलली नाही. त्या वर्षीच्या जत्रेत ती खेळली नाही, स्वयंपाकघरात बसून राहिली. मला वाटले होते राग असेल, उतरेल.

तीन वर्षांनी, १९९८ साली, वाटण्या झाल्या. भाऊबंदकीचा तपशील सांगून तुमचा वेळ घेत नाही, तो सगळीकडे सारखाच असतो. तिवडा आमच्या वाट्याला आला, लिंब धाकट्या दिरांच्या. मध्ये बांध पडला, नेमका दुसऱ्या आणि तिसऱ्या पाटीच्या मधून. जत्रा होत राहिली, दोन घरांत दोन नैवेद्य होऊ लागले. खेळ बंद झाला तो बारा वर्षे. त्या बारा वर्षांत घरात जी मुले जन्मली ती लिंबूटिंबू झालीच नाहीत. चुलत भावंडे एकमेकांना लग्नकार्यात पाहुण्यांसारखी भेटू लागली. माझ्या मुलाने तर एकदा आपल्याच चुलत बहिणीला “आपण कुठल्या?” असे विचारले. मी शेजारी उभी होते.

२०१० च्या जत्रेला मुलगी पुण्याहून आली. लग्न होऊन गेलेली, नोकरी करणारी. आली ती आमच्या घरात न येता आधी काकांकडे गेली. त्यांच्या ओटीवर बसून त्यांना म्हणाली, “काका, लिंब तुमचा, तिवडा आमचा. मधल्या पाट्या कोणाच्या?”

माझे दीर काही बोलले नाहीत. त्यांचा स्वभाव मुळात कमी बोलण्याचा. दुसऱ्या दिवशी पहाटे कुदळीचा आवाज आला म्हणून आम्ही बाहेर आलो, तर ते एकटेच बांध फोडत होते. सगळा नव्हे. पाटीला लागते तेवढीच रुंदी. माझे यजमान घरात गेले आणि दुसरी कुदळ घेऊन आले. दोघे भाऊ दुपारपर्यंत माती ओढत होते, बोलले मात्र नाहीत. तो बांध आजही आहे. खटलाही बरीच वर्षे चालला. बांधाला तेवढे एक खिंडार आहे आणि त्यातून आमची मधली पाटी जाते.

हल्ली मळणी यंत्राने होते, बैलांची पात कोणी धरत नाही. तिवड्याचे काम संपले. तरी दरवर्षी चैत्रात तिवडा रोवला जातो, केवळ खेळासाठी.

मुलगी आपल्या मुलीला घेऊन येऊ लागली. २०१९ साली ती नात सहा वर्षांची होती, तिने जाहीर केले, “आता मला खरे मारा.” हळदकुंकू लावले, आणि थबकली. म्हणाली, “मी कोणाची नावे घेऊ? बाबांचे आजोबा तर इथले नाहीत.” आम्ही सगळे गप्प. एवढ्या वर्षांत हा प्रश्न कोणाला पडला नव्हता, कारण लेकींची मुले बहुधा पाहुणी म्हणून लिंबूटिंबूच राहात. तिच्या आईने सांगितले, “माझे घे, आजीचे घे.” तिने घेतले. मग विचारते, “आणि हा खेळ ज्यांनी सुरू केला त्या थोरल्या आईंचे नाव काय?”

कोणालाही ठाऊक नव्हते. माझ्या यजमानांना, त्यांच्या नातवाला, ठाऊक नव्हते. दिरांना नव्हते. त्या सगळ्यांच्या थोरल्या आई होत्या, त्यापलीकडे त्यांना नाव असेल असे कोणाच्या मनातच आले नव्हते. आजेसासरे गेले त्यांचे नाव तीन पिढ्यांत रोज घेतले जात होते, आणि ज्यांनी पाट मांडून खुंट होऊन मुलांना खेळवले त्यांचे नाव पुसून गेले होते.

नातीने त्या दिवशी डाव अडवला नाही, पण उत्तर मागितले. मग आम्ही तलाठ्यांकडे जुने फेरफार काढले. आजेसासऱ्यांच्या मागे वारस लागले तेव्हाची नोंद मोडीत होती. गावातल्या एका निवृत्त गुरुजींना मोडी येत होती, त्यांनी भिंगातून वाचून दाखवली. ‘विधवा’ या शब्दापुढे नाव होते. ते सासरचे. माहेरचे नाव काय होते ते मिळाले नाही, त्यांच्या माहेरी आता सांगणारे कोणी नाही. त्या वर्षापासून आमच्या मुलांना सहा नावे सांगावी लागतात, तीन पुरुषांची आणि तीन बायकांची. थोरल्या आईंचे नाव मी येथे सांगत नाही. ते ऐकायचे असेल त्यांनी जत्रेला यावे, एखादे मूल ओरडून सांगेल.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खोखोचा पहिला विश्वचषक झाला. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले, कर्णधार प्रियंका इंगळे. मातीऐवजी मॅट, दिव्यांचा झगमगाट, वेग असा की डोळा ठरत नाही. आम्ही तो सामना पुण्यात मुलीच्या घरी पाहिला. सामना संपल्यावर नात नाचू लागली. मुलगी उठून चहा टाकायला गेली. मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि तिला म्हटले, “पंच्याण्णव साली माझे चुकले.” तीस वर्षांनी म्हटले. ती पातेल्याकडे बघत होती. म्हणाली, “आई, मला ठाऊक होते तू कधीतरी म्हणशील. आले किसून दे.” मी आले किसून दिले.

त्याच वर्षीच्या चैत्रात माझ्या मुलाचा धाकटा, सहा वर्षांचा, लिंबूटिंबूपणातून बाहेर आला. सहा नावे त्याने न अडखळता सांगितली. पहिल्याच डावात त्याच्या या पुण्याच्या आतेबहिणीने त्याला लिंबाच्या वळशात गाठून बाद केले. तो लिंबाला कवटाळून रडला. गूळ द्यायला आता थोरल्या आई नाहीत, ते काम माझ्याकडे आहे. खडा तोंडात गेल्यावर तो मला विचारतो, “आजी, हिला कोण बाद करणार?” मी म्हटले, बस पाटीवर, खो मिळेल.

चिटणीसबाई घड्याळाकडे पाहत आहेत, तेव्हा आता कामाचे बोलते. सगळ्यांना खळे नसते, लिंब नसतो, हे मला कळते. माझ्या मुलीच्या इमारतीत वाहने लावण्याच्या जागेत मुलांना पळायला बंदी आहे, तशी पाटीच लावलेली आहे, आणि ती पाटी बसण्याची नव्हे. पण आपल्या मंडळाच्या इमारतीमागे जी मोकळी जागा पडून आहे ती मी परवा पावलांनी मोजली. चार पाट्या सहज बसतात. काटे काढले, एक पाणी मारले की झाले. येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आपापली नातवंडे घेऊन या. चार वर्षांच्या पुढची सगळी चालतील, लहान असतील ती लिंबूटिंबू. सुनांना आणा, लेकींना आणा. नऊवारी, सहावारी, पंजाबी, कशातही खेळता येते. आमच्या सासूबाई लुगड्याचा काष्टा घट्ट मारून साखळी अशी घालीत की पुरुषांना त्या हाती लागत नसत.

फक्की मी आणलेली आहे, दाराशी पिशवीत आहे. खुंट मात्र दोन लागतात. माझे गुडघे आता उकिडवे बसण्याचे राहिले नाहीत, तेव्हा एका टोकाला मी खुर्ची टाकून बसेन. दुसऱ्या टोकाला कोण बसणार तेवढे आजच ठरवा.